उघडणारं कोणी नाही

भेलेकोंडचा डोंगर त्या दिवशी गोगलगायीसारखा सरकत होता, देवीचे केस मात्र सुसाट उडत होते, आणि असं का, ते शलाकाला काही केल्या कळत नव्हतं.

डोंगर म्हणजे खरा डोंगर नाही हां, संगणकातला. चिपळूणच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी, धरणाच्या विजेवर चालणारं ते मोठं संगणक केंद्र होतं. आत कपाटंच्या कपाटं, एकेका कपाटात शेकडो प्रोसेसर, आणि सगळ्या कोकणातून तिथे गणितं यायची. कुणाला उद्याचा वारा हवा, कुणाला बंदरातला गाळ, कुणाला औषधाचा नवा रेणू. त्या दिवशी दोन मोठी गणितं शेजारी शेजारी चालली होती. एक तालुक्याच्या आपत्ती कक्षाचं: भेलेकोंड नावाच्या वाडीवरचा डोंगर एवढा पाऊस पिऊन जागेवर राहील की खाली येईल? दुसरं एका सीरियलवाल्या कंपनीचं: देवी रागावून मान वळवते तेव्हा तिचे केस कसे उडतील? आणि केसांना पूर्ण वेग मिळाला होता. डोंगराला पाव सुद्धा नाही.

शलाका शिगवण त्या केंद्रात वीज-समतोलाचं काम बघायची. भेलेकोंड तिचं सासर. त्याच डोंगराखाली तिची सासू राहायची, आणि गणपती तोंडावर आल्यामुळे मुंबईची पोरंसोरं पण वाडीत येऊन पोचली होती. म्हणजे ते गणित रांगतंय म्हटल्यावर ती स्वस्थ बसणार कशी?

तिची जोडीदारीण फरझाना मुकादम, ती यंत्रांची तब्येत बघायची. तिने सगळं तपासलं. थंड पाणी व्यवस्थित फिरत होतं, एकही प्रोसेसर बिघडलेला नव्हता, वीज पुरेशी होती. ती म्हणाली, पेशंटला ताप नाही, खोकला नाही, भूक पण चांगली आहे. सुस्ती का आलीय ते आता तुझ्या काकूलाच विचार.

आता ही काकू कोण ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काहीच लागणार नाही. प्रोसेसरची एक गंमत असते. त्याला जास्त पळवलं की जास्त वीज लागते हे तर झालंच, पण ती सरळ हिशेबाने नाही लागत. पळवायचं तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, त्यामुळे वेग जरासा वाढला की वीज धो धो जाते. सायकलवर घाट चढतो तसं समजा. निवांत चढलात तर वरपर्यंत गप्पा मारत जाल. तोच घाट घाईने चढायला गेलात तर अर्ध्यावरच छाती फुटते. आणि उलटंही खरं. वेग चौथाईने कमी केला तर विजेची ओढ निम्म्याच्याही खाली येते, वेळ मात्र तिसऱ्या हिश्शानेच वाढतो. म्हणजे घाई कोणाला नाहीये एवढं ओळखता आलं, की झालंच की काम.

आणि घाई नसलेले भरपूर सापडतात. डोंगराचंच घ्या. त्याचे हजारो तुकडे करतात, एकेक तुकडा एकेका प्रोसेसरला देतात. प्रत्येक पावलाला प्रत्येकाने आपल्या कडेला पाणी किती, माती किती सरकली ते शेजाऱ्याला सांगायचं, आणि सगळ्यांचं सांगून झालं की मगच पुढचं पाऊल. ज्याच्या वाट्याला नुसता कातळ आला तो लगेच मोकळा होतो आणि बसतो माशा मारत. मग त्याला आधीपासूनच हळू चालवा ना. सगळे एकदमच पोचतील, काम लांबणार नाही आणि वीज वाचेल. हे हळू-जलद करणारी जी प्रणाली होती तिचं कागदावरचं नाव ‘समतोल’. पण ती दिवसभर इथला पंखा बंद कर, तिथला दिवा मालव, असंच करत फिरायची, म्हणून सगळे तिला काकू म्हणायचे.

शलाकाने या काकूला आणखी एक पाऊल पुढे नेलं होतं. तिच्या डोक्यात आलं, की सगळ्यात शेवटी रिकामा बसणारा प्रोसेसर म्हणजे माणूस. गणित पहाटे पुरं होतं आणि ज्याला हवंय तो अकराला येऊन, चहा पिऊन, मग ते उघडतो. तोवर निकाल नुसता पडून. मग पहाटेपर्यंत त्याला ऊर फुटेस्तोवर पळवलं कशाला? तिने काकूला शिकवलं, की कोण आपला निकाल कधी उघडतो ते बघत जा, आणि बरोबर त्या वेळेला हातात पडेल एवढाच वेग देत जा. केंद्रातल्या लोकांनी उघडून बघितलं तर ते मोजायचं नाही, ज्याच्यासाठी निकाल आहे त्याचंच मोजायचं, हेही तिनेच घातलं. त्याने एवढी वीज वाचली की आजूबाजूच्या गावांचं भारनियमन गेलं. शलाकाचा सत्कार झाला, शाल मिळाली, आणि ती शाल सासूने येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून दाखवून मऊ करून टाकली.

आणि हो, पूर्वी ‘तातडीचं’ असं एक बटण होतं, ते काढून टाकलं. कारण ते सगळेच दाबायचे. ज्यांचा ज्यांचा यंत्रात वाटा होता त्यांनी एकदा बसून, भांडून, शेवटी ठरवलं, की आता हात कोणीच लावायचा नाही, काकू म्हणेल ते.

तर शलाकाने काकूला कारण विचारलं. तसं विचारायची सोय होती. पडद्यावर ओळ आली:

‘उघडणारं कोणी नाही. घाई नको.’

शलाकाने ती परत परत वाचली. कारण भेलेकोंडचा निकाल उघडणारा माणूस एकच होता. आपत्ती कक्षातला हेरंब शिगवण. म्हणजे तिचा नवरा. म्हणजे त्याच सासूचा मुलगा.

केसांचं कारणही तिने विचारलं. ते सोपं निघालं. सीरियलचा दिग्दर्शक नवं चित्र तयार व्हायचा अवकाश, लगेच उघडायचा. काकूला वाटायचं, केवढी निकड आहे बिचाऱ्याला.

शलाकाने हेरंबला फोन लावला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, भेलेकोंडचं बघतोस ना रे तू? तो म्हणाला, रोज बघतो, उठल्या उठल्या, तोंडसुद्धा धुवायच्या आधी, आणि तू शेजारीच तर असतेस. आणि ते खरं होतं. रोज सकाळी तो उशीवरूनच फोन हातात घ्यायचा, बघायचा आणि मग ‘ठीक आहे’ म्हणून उठायचा. तिने डोळ्यांनी बघितलं होतं. पण काकूही खोटं बोलत नव्हती, काकूला खोटं बोलता येईल असं शलाकाने काही लिहिलंच नव्हतं. आता तिने काय समजायचं? नवरा म्हणतो रोज बघतो, काकू म्हणते कधीच बघत नाही, आणि दोघांवरही तिचा सारखाच विश्वास. तिने नवऱ्याला परत विचारलं, यावेळी आवाज जरा चढलाच. मग त्याचाही चढला. तुझा माझ्यापेक्षा त्या काकूवर जास्त भरवसा आहे का, असं त्याने विचारलं, आणि ती म्हणून गेली, काकूला खोटं बोलता येत नाही. ते त्याला जे लागलं ते लागलंच.

दुपारी तो स्वतःच आला. रेनकोट निथळतोय, बूट चिखलाने भरलेत, तसाच कॅंटीनमध्ये येऊन बसला आणि फोन तिच्यासमोर ठेवला. फरझाना तिथेच वडापाव खात होती, ती उठून जायला लागली तर दोघांनीही तिला बसवून ठेवलं. भांडणात कोणी तिसरं असलं की बरं पडतं ना.

“हे बघ,” हेरंब म्हणाला. “भेलेकोंड. हिरवं.”

फोनवर एक हिरवा ठिपका होता.

“हा ठिपका आहे,” शलाका म्हणाली. “नकाशा कुठाय?”

“नकाशा ऑफिसच्या मशीनवर उघडतो. फोनवर ठिपका येतो. हिरवं म्हणजे हिरवं, त्याला नकाशा कशाला हवा?”

“पण कधीचं हिरवं आहे हे?”

त्याने ठिपक्यावर बोट ठेवून तारीख बघितली आणि फोन पालथा घातला. कारण ठिपका शेवटच्या पुऱ्या झालेल्या गणिताचा असायचा, आणि शेवटचं गणित पुरं झालं होतं ते हा सगळा पाऊस लागायच्या आधी. सध्याचं अजून रांगत होतं. म्हणजे रोज सकाळी उशीवरून तो जे बघत होता तो उन्हातला डोंगर होता.

मग त्याने हळूहळू सांगितलं. पूर्वी तो प्रत्येक नकाशा उघडायचा. पण नकाशे उशिरा यायला लागले. हातात पडेपर्यंत पाऊस बदललेला, नदी बदललेली. असा शिळा नकाशा उघडून करायचं काय? म्हणून सोडलं त्याने, ठिपक्यावर भागवायला लागला.

“उशिरा यायला लागले ते तू उघडत नव्हतास म्हणून,” शलाका म्हणाली.

“मी उघडायचं सोडलं ते उशिरा यायला लागले म्हणून.”

दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत. मग फरझानाने वडा गिळून विचारलं, की हे सुरू नेमकं कधी झालं?

“लग्नानंतर,” हेरंब म्हणाला. “लग्नाआधी अगदी वेळेवर यायचे.”

आणि मग तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. लग्न, मग पूजा, मग कुलदेवता, मग दोघं हिंडायला गेले ते. तेवढ्या दिवसांत हेरंबने एकही नकाशा उघडला नव्हता. कसा उघडेल? काकूला लग्नबिग्न काय कळणार, तिने एवढंच बघितलं की या माणसाला आता डोंगरात रस राहिला नाही. तिने वेग जरा कमी केला. हा परत आला तर नकाशे जरा उशिरा. याने एकदोन सोडले. तिने आणखी कमी केला. याने आणखी सोडले.

“म्हणजे तुमच्या हनिमूनमुळे डोंगर हळू झाला,” फरझाना म्हणाली, आणि तिघं हसले, चांगले खो खो हसले, आणि मग हसणं मध्येच कुठेतरी संपून गेलं.

हेरंब उठला. आत्ता ऑफिसात जातो आणि उघडतो म्हणाला.

पण तो लवकर ऑफिसात पोचलाच नाही. घाटात झाड पडून दोन्ही बाजूंनी गाड्या अडकल्या, आणि आपत्ती कक्षाचा माणूस तिथेच रेनकोटात उभा म्हटल्यावर त्याला सोडतंय कोण? त्याने फोन करून सांगितलं की वेळ लागेल. शलाका पडद्यासमोर बसली. डोंगर रांगतोय. केस उडतायत. ती स्वतः त्या नकाशाचे तयार झालेले तुकडे पन्नास वेळा उघडत होती, पण तिचं उघडणं मोजायचं नाही हे तिनेच ठरवलेलं. स्वतःच्याच घराला स्वतःच बाहेरून कुलूप लावल्यासारखं झालं.

तेव्हा फरझानाला एक नियम आठवला. नकाशात ज्याचं घर येतं त्याला तो नकाशा मागायचा हक्क असतो, आणि त्यांना तो फोनवर सुद्धा मिळतो. आजवर कोणी मागितलाच नव्हता, कारण असा काही नकाशा असतो हे कोणाला सांगितलंच नव्हतं. शलाकाने वाडीतल्या सगळ्यांची नावं वाचकांमध्ये घातली आणि सासूला फोन लावला.

आता भेलेकोंडला फोन लागणं म्हणजे एक कथाच. अख्ख्या वाडीत रेंज एकाच जागी येते, सहाणेवर. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी टेकवतात तो चौथरा, वाडीच्या जरा वर, डोंगराच्या अंगाला. एरवी तिथे कोण जातंय पावसात? पण गणपती जवळ आलेले, त्यामुळे सहाणेवरच्या पत्र्याखाली जाखडी नाचाची तालीम चालली होती. पोरं फेर धरून नाचत होती, मृदंग वाजत होता, आणि सरस्वती शिगवण, म्हणजे हेरंबची आई, शाहिराच्या गाण्यात चुका काढत बसल्या होत्या. फोन पहिल्या झटक्यात लागला.

शलाकाने जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. सगळ्यांना एक नकाशा येईल, येईल तेव्हा उघडायचा, नवा आला की परत उघडायचा.

“गो बाय, डोंगराचा नकाशा बगून डोंगर थांबतो काय?” आई म्हणाल्या.

“डोंगर नाही थांबत, आई. यंत्र पळतं.”

“म्हंजे कुनी बगत असंल तरच काम करतंय. आमच्या ग्रामपंचायतीसारखंच झालं की.”

पण त्यांनी मृदंग थांबवला आणि सगळ्यांना फोन काढायला लावले. मुंबईच्या पोरांना तर काय, कोणीतरी फोन बघू नका म्हणायच्या ऐवजी बघा म्हणतंय, पोरं तुटून पडली. एकाने उघडलं, दहांनी उघडलं, मग सगळ्या वाडीने. काकूचा आधी विश्वासच बसला नसावा. मग पडद्यावरची डोंगराच्या वेगाची रेघ हलली. पाव, अर्धा, पाऊण. कपाटांमधल्या पाण्याचा आवाज बदलला, जड झाला. वीज तर मोजूनच मिळायची, त्यामुळे डोंगर धावायला लागल्यावर दुसरं कोणीतरी हळू होणारच. केस मंदावले. सीरियलच्या दिग्दर्शकाचा तणतणत फोन आला, देवी मध्येच अडकलीय म्हणून. फरझाना त्याला म्हणाली, देवीला आजचा दिवस वेणी घालायला सांगा.

नकाशाचे तुकडे भराभर यायला लागले. आता यात एक गोष्ट अशी असते की हे तुकडे कच्चे असतात. शेजारच्या तुकड्याचं पाणी कुठे जाणार हे नक्की झालं नाही तोवर लाल हिरवं होतं, हिरवं लाल होतं. आधी शाळा लाल दिसली. शाळा खाली, ओढ्याच्या पलीकडे. शलाका खुर्चीतून उठलीच. मग ओढ्याकडचा तुकडा आला आणि शाळेचा लाल पुसला गेला. म्हणजे नुसतं लाल दिसलं म्हणून घाबरायचं नाही, असं ती स्वतःला सांगत होती, तेवढ्यात आणखी एक तुकडा आला.

सहाण लाल.

ती वाट बघत राहिली की हाही लाल पुसला जाईल. नवा तुकडा आला, तरी लाल. आणखी एक आला, जास्त लाल. आणि सगळी वाडी त्या सहाणेवर उभी होती. तिनेच उभी केली होती. नकाशा बघायला. आणि ते तिथे उभे राहून बघत होते म्हणून तर नकाशा तयार होत होता. त्यांना तिथून हलवलं तर रेंज जाणार, उघडणं थांबणार, गणित परत रांगायला लागणार, आणि वाडीची खालची बाजू, घरं, शाळा, हे पक्कं व्हायचं राहून जाणार. मग जायचं कुठे ते कोण सांगणार? आणि नाही हलवलं तर?

फरझाना म्हणाली, सांगून टाक. शलाका म्हणाली, पण कच्चं आहे गं, शाळासुद्धा मघाशी लाल होती. फरझाना म्हणाली, मग थांब. शलाका म्हणाली, थांबू कशी? फरझानाने हात जोडले आणि फोन तिच्या हातात दिला.

आईंना तिने सांगितलं की सहाण सोडा, लगेच.

“आनि जायाचं कुठं? घरात?”

“घराचं अजून माहीत नाही, आई.”

“मंग शाळेत?”

“शाळा आत्ता हिरवी आहे. मघाशी लाल होती. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही.”

पलीकडे पोरांचा गलका चालू होता. कोणीतरी म्हणत होतं, आता माझ्या फोनवर सहाण दिसतेय, लाल लाल.

“तुला म्हाईत न्हाय म्हनतंस, तर तू खरं बोलतंस,” त्या म्हणाल्या. “चला रं, शाळेत चला. मृदंग घ्या.”

आणि फोन तुटला.

मग जे व्हायचं तेच झालं. उघडणारे एकेक कमी होत गेले. रेघ खाली यायला लागली. पाऊण, अर्धा. सहाणेवरून शाळेला जायची वाट घरांच्या मागून जाते, आणि त्या घरांचे तुकडे अजून आलेच नव्हते. शलाकाने काकूला कारण विचारलं नाही. तिला ते वाचायचंच नव्हतं.

आणि एकदम रेघ उभीच्या उभी वर गेली. फरझाना ओरडलीच, हे कोण? सगळी वाडी मिळून उघडत होती तेव्हाही एवढी गेली नव्हती. शलाकाने वाचकाचं नाव बघितलं. हेरंब. ऑफिसात पोचला होता तो शेवटी. आणि काकूचं असं असतं, की जो रोज उघडतो त्याने उघडलं तर ती फारशी हलत नाही. पण ज्याच्याकडून तिने कधीच आशा सोडलेली असते त्याने उघडलं, तर तिचा सगळा अंदाजच कोसळतो, आणि मग ती हातचं काही राखून ठेवत नाही. हेरंब एकेक तुकडा उघडत होता, बंद करत होता, परत उघडत होता.

त्याचा फोन आला.

“शलाका, मला हे वाचता येत नाहीये. लाल दिसतंय पण कुठलं आहे ते कळत नाही. इतके दिवस मी ठिपकाच बघत होतो.”

“डावीकडे ओढा आहे बघ. त्याच्यावर वाट. वाटेच्या टोकाला.”

“सहाण?”

“हो.”

“आई कुठे आहे?”

“शाळेच्या वाटेवर. असेल.”

दोघांनी मिळून उरलेला नकाशा वाचला, ती इथून, तो तिथून, नव्याने लिहायला-वाचायला शिकल्यासारखा. सहाण लाल, वरच्या आळीतली घरं लाल, त्यांच्यामागची वाट नारिंगी, शाळा हिरवी. मग गणित पुरं झालं. पक्का निकाल. शाळा हिरवीच राहिली. हेरंबने फोन ठेवलासुद्धा नाही, तसाच उठला असावा, कारण तिला खुर्ची पडल्याचा आणि मग बाइकचा आवाज आला.

तो वाटेत होता तेव्हाच डोंगरावरचे खांब गेले. तिथे पाणी आणि हालचाल मोजायला खांब रोवलेले होते, ते दर थोड्या वेळाने आकडे पाठवायचे. सगळे एकदम गप्प झाले. कोणता एखादा नाही, सगळेच. त्याचा अर्थ काय ते या दोघींना कोणी सांगायची गरज नव्हती. डोंगर आला होता.

तेवढ्यात केंद्रातल्या नियमाप्रमाणे नवं गणित आपोआप सुरू झालं: उरलेला डोंगर आता जागेवर राहील का? काकूने त्याला थोडा वेळ वेग दिला. मग ती वाट बघत राहिली. कोणी उघडलं नाही. हेरंब बाइकवर, वाडी शाळेत, शाळेत रेंज नाही. किंवा वाडी शाळेत पोचलीच नाही. दोन्हीचा आकडा एकच येत होता, शून्य. शलाका त्या शून्याकडे बघत होती आणि तिला त्यातून काहीच वाचता येत नव्हतं. एवढी अक्कल लावून तिने काकूला शिकवलं होतं, माणूस कधी उघडतो ते बघ. पण नाही उघडलं तर का नाही उघडलं, हे विचारायला तिने तिला कधी शिकवलंच नव्हतं.

रेघ खाली आली. डोंगर परत रांगायला लागला. फरझानाने न राहवून कारण विचारलं, आणि ओळ आली तीच:

‘उघडणारं कोणी नाही. घाई नको.’

फरझानाने पटकन पडद्यावर हात ठेवला. पण शलाकाने वाचलं होतं.

शेजारी देवीचे केस पुन्हा पूर्ण वेगात उडायला लागले. कॅंटीनवाला चहा ठेवून गेला. हेरंबला फोन लागत नव्हता. वाडीच्या फाट्यापर्यंत रेंज असते, पुढे नाही, त्यामुळे तो लागत नव्हता याचाही काही अर्थ लागत नव्हता. शलाकाला वाटलं, मी त्यांना तिथे बोलावलं नसतं तर ते घरातच असते. मग वाटलं, पण तालीम तर सहाणेवरच चालली होती. मग वाटलं, वाटेवरची नारिंगी. मग तिला काही वाटेनासंच झालं. चहावर साय धरली.

आणि रेघ हलली.

अगदी थोडी. फरझाना म्हणाली, हेरंब असेल. शलाकाने नाव उघडून बघितलं. हेरंब नव्हता. उघडणारं एकच होतं, आणि ते परत परत उघडत होतं, कारण बहुतेक फाट्याशी, रेंज आली तिथे, पावसात हेरंबच्या बाइकवर मागे बसून, चष्म्याशिवाय, त्यांना ते नीट दिसत नसावं.

वाचक: सरस्वती शिगवण.

काकूने डोंगराला वेग दिला.